आधी चाळीस यार्ड, मग ड्रायव्हर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४४, कॉलेजात क्रिकेट भरपूर खेळलात, गेली दोन वर्षं गोल्फ, हँडिकॅप २४, म्हणजे एका फेरीत ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण २४ जास्त लागतात. तीस ते साठ यार्डांवरचा पिच, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, ग्रीनवर, उंच उडवून टाकायचा छोटा फटका, एकतर फॅट लागतो, बॉलच्या मागे जमीन खणून दहा यार्डांवर थांबतो, नाहीतर थिन लागून ग्रीनच्या पलीकडे जातो. ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबने, मारलेला बॉल दर दोन-तीन वेळांनी उजवीकडे स्लाइस होतो. आधी काय हाती घ्यावं, कोणती ड्रिल्स करावीत, कोच लावावा की व्हिडिओ बघून भागेल, आणि ६० अंशांची नवी वेज (तिरक्या तोंडाचा, बॉल उंच उडवणारा क्लब) घ्यावी का?

मी पुण्यात बावीस वर्षं गोल्फ शिकवतोय. माझ्याकडे क्रिकेट सोडून आलेली मंडळी पुष्कळ असतात, त्यामुळे तुमचा स्विंग न बघताही बराचसा डोळ्यांसमोर येतो. तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरून चालतो. माझं उत्तर असं की आधी पिच दुरुस्त करा आणि सहा आठवडे ड्रायव्हर बॅगेतून बाहेर काढू नका.

पहिलं कारण स्कोअरकार्डावर दिसतं. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडूसुद्धा १८ पैकी सरासरी १२च्या आसपास ग्रीन ठरलेल्या फटक्यांत गाठतात. हँडिकॅप २४ असलेल्या माणसाच्या अशा ग्रीन एका फेरीत हाताच्या बोटांवर मोजता येतात. म्हणजे उरलेल्या बहुतेक होल्सवर तुम्ही ग्रीनच्या अलीकडे-पलीकडे वेज हातात घेऊन उभे असता. भारतीय व्यावसायिक गोल्फर एस. एस. पी. चौरसियांचं उदाहरण मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला देतो. वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनकीपर, मुलगा तिथेच बघून बघून शिकला. लांब मारणाऱ्यांत त्यांचं नाव कधी घेतलं गेलं नाही, पण ग्रीनभोवतीच्या खेळामुळे सहकाऱ्यांनी त्यांना ‘चिपपुटसिया’ असं नाव पाडलं. त्या खेळाच्या जोरावर त्यांनी २०१६ आणि २०१७ असं लागोपाठ दोन वेळा इंडियन ओपन जिंकलं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमचा फॅट पिच आणि तुमचा स्लाइस या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. दोन्हींत उजवा हात अंगाच्या आधी बॉलपाशी पोचतोय. हे पिचमध्ये दुरुस्त करणं सोपं असतं, कारण तिथे वेग कमी असतो आणि काय घडतंय ते तुम्हाला जाणवतं. ड्रायव्हरच्या वेगात काहीच जाणवत नाही.

ज्वारीच्या रानात मचाणावर उभं राहून गोफण फिरवणारा राखणदार तुम्ही पाहिला असेल. तो हाताने दगड ढकलत नाही. कंबर आधी वळते, मग छाती, मग खांदा, मग हात, आणि गोफणीचा पट्टा सगळ्यांत शेवटी येतो. दगड सुटतो तो अगदी अखेरच्या क्षणी. बेसबॉलचा पिचर असो, आपला वेगवान गोलंदाज असो की गोल्फर, क्रम हाच असतो. जमिनीजवळचा भाग आधी वळतो आणि थबकतो, आणि त्याचा वेग वरच्या भागाला मिळतो. गोलंदाजी करताना पुढचा पाय टणक रोवला नाही तर चेंडूला वेग येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. गोल्फमध्ये डावा पाय तेच काम करतो. हा क्रम उलटला, म्हणजे हात आधी आणि अंग मागून आलं, की पिचमध्ये क्लब बॉलच्या मागे जमिनीला लागतो आणि ड्रायव्हरमध्ये क्लब बाहेरून आत कापत येतो.

आता फॅट आणि थिन. लोकांना वाटतं हे उलटसुलट आजार आहेत, म्हणून फॅट लागला की पुढच्या वेळी ते अंग वर उचलतात आणि थिन मारतात. दोन्हींचं मूळ एकच आहे. स्विंगच्या कमानीचा सर्वांत खालचा बिंदू बॉलच्या मागे पडतो. क्लब तिथे जमिनीला लागला तर फॅट. जमीन चुकवून वर येता येता बॉलच्या कमरेत लागला तर थिन. बॉल हवेत उचलायच्या इच्छेने माणूस उजव्या पायावर रेलून राहतो आणि मनगटं झटकतो, तिथे हे सुरू होतं. बॉल उचलायचं काम वेजच्या लोफ्टचं, म्हणजे तोंडाच्या उताराचं आहे. तुमच्या सँड वेजला ५४ ते ५८ अंशांचा उतार त्यासाठीच दिलेला असतो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. एक डॉक्टर हीच तक्रार घेऊन आले. मी गवतावर चुन्याची एक रेघ ओढली, कबड्डीच्या मैदानावर ओढतात तशी, आणि बॉल न ठेवता रेघेवरून दहा पिच मारायला सांगितले. दहापैकी सात वेळा जमीन रेघेच्या चार बोटं मागे उकरली गेली. त्यांना वजनाबद्दल, मनगटाबद्दल मी एक शब्द बोललो नाही. क्लब काढून घेतला, उजव्या हातात बॉल दिला आणि दहा पावलांवर बादली ठेवून म्हटलं, “खालून हात फिरवून यात टाका.” पहिलाच बॉल बादलीच्या काठाला लागला. मग मी विचारलं, “डॉक्टर, आत्ता तुमचं वजन कुठे आहे?” त्यांनी खाली पाहिलं. डावा पाय भक्कम रोवलेला, उजवी टाच उचललेली, बेंबी थेट बादलीकडे. पंधरा-वीस बॉल टाकून झाल्यावर क्लब परत हातात दिला आणि म्हटलं, बॉल टाकताय असंच समजा. पुढच्या दहांत आठ वेळा जमीन रेघेवर किंवा रेघेच्या पुढे उकरली गेली. ते स्वतः ती रेघ वाकून बघत होते, हात लावून बघत होते. एवढा बदल अर्ध्या तासात झाला. तो टिकवायला मात्र पुढे दोन महिने लागले.

तर तुमची पहिली दोन ड्रिल्स हीच, रेघ आणि बादली. रेघेवर दहापैकी सात खुणा रेघेच्या पुढे येईपर्यंत बॉल ठेवू नका. चुना नसेल तर बंकरमधल्या वाळूत क्लबनेच रेघ ओढा, वाळू खोटं बोलत नाही.

उभं राहायची पद्धत पिचला वेगळी लागते, आणि इथे मी काटेकोर आहे. दोन टाचांमध्ये एक-दीड पाऊल मावेल एवढंच अंतर. बॉल स्टान्सच्या मधोमध. वजन सुरुवातीपासूनच डावीकडे थोडं जास्त, आणि ते तिथून हलू द्यायचं नाही. डाव्या पायाचा चवडा जरा लक्ष्याकडे उघडलेला. ग्रिप इंचभर खाली धरलेली. हात बॉलच्या किंचित पुढे, पण किंचितच. हात फार पुढे दाबले की वेजची पुढची धार कुदळीसारखी जमिनीत घुसते. वेजच्या तळाला जो फुगीर भाग असतो, ज्याला बाऊन्स म्हणतात, तो जमिनीवरून सरकण्यासाठी दिलेला आहे. धार पुढे आली की तो निकामी होतो. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत फेअरवे तव्यासारखे कडक होतात, तेव्हा जास्त बाऊन्सची वेज उसळून थिन मारते. जून उजाडून जमीन भिजली की तीच वेज तुम्हाला वाचवते आणि कमी बाऊन्सची रुतते. तुमच्या सँड वेजवर लोफ्टच्या आकड्याशेजारी बाऊन्सचा आकडा कोरलेला असेल तर बघून ठेवा. १० किंवा जास्त असेल तर तो जास्त बाऊन्स समजा.

तिसरं ड्रिल टॉवेलचं. पातळ टॉवेल छातीवरून आडवा घेऊन दोन्ही काखांत धरा आणि वीस-तीस यार्डांचे पिच मारा. टॉवेल पडला म्हणजे हात छातीपासून सुटे झाले. छाती वळते आणि तिच्याबरोबर हात जातात, ही भावना शिकवायला याच्याइतकं साधं साधन मला सापडलेलं नाही. तीस यार्डांपलीकडे मात्र टॉवेल काढा, मोठ्या स्विंगमध्ये तो अंग आखडवतो.

अंतराचा अंदाज हातांच्या ताकदीवर सोडू नका. तुम्ही घड्याळाच्या मधोमध उभे आहात आणि डावा हात म्हणजे काटा, असं धरा. बॅकस्विंगमध्ये हात साडेसातपर्यंत, नऊपर्यंत आणि साडेदहापर्यंत, अशा तीन लांब्या ठरवा. लय तीच ठेवून प्रत्येक लांबीने दहा-दहा बॉल मारा आणि ते कुठे टप्पा घेतात ते पावलांनी मोजा. घरंगळून कुठे थांबतात ते धरू नका, टप्पा धरा. पिचिंग वेज आणि सँड वेज अशा दोन क्लबांची मिळून सहा अंतरं तुमच्या हाती येतील. ती कागदावर लिहून बॅगेला लावा. बहुतेकांचा पिच बिघडतो तो बॅकस्विंग लांब घेऊन बॉलपाशी घाबरून क्लब आवरल्यामुळे. लांबी आधीच ठरलेली असली की आवरायची गरज उरत नाही.

लयीसाठी मोजणी करा. सारख्या ठेक्यात एक, दोन, तीन, चार म्हणा. ‘एक’ला क्लब हलवायला सुरुवात, ‘तीन’ला वर, ‘चार’ला बॉल. वर जायला दोन ठेके, खाली यायला एक. पूर्ण स्विंगला वर जायला तीन ठेके लागतात, म्हणून तिथे ‘चार’ला वर आणि ‘पाच’ला बॉल. तबल्याचा थोडा कान असेल तर हे पटकन बसतं.

दोन-तीन आठवड्यांनी पिच भरवशाचा वाटू लागला की ७ नंबरचं आयर्न घ्या आणि फक्त नऊपासून तीनपर्यंत स्विंग करा. म्हणजे डावा हात मागे जमिनीला समांतर होईपर्यंत आणि पुढे उजवा हात समांतर होईपर्यंत, बस्स. हा म्हणजे मोठ्या क्लबने मारलेला पिचच. पूर्ण स्विंगचा गाभा या अर्ध्या कमानीत आहे. इथे बॉल सरळ जात नसेल तर बॅकस्विंग वाढवून तो सरळ जाणार नाही, फक्त जास्त लांब वाकडा जाईल. मी विद्यार्थ्यांना या टप्प्यावर कंटाळा येईपर्यंत अडवून ठेवतो.

आता स्लाइस. बॉल कोणत्या दिशेने सुटेल हे मुख्यतः आदळताना क्लबचं तोंड कुठे आहे यावर ठरतं. तो हवेत किती वळेल हे क्लबचा मार्ग आणि क्लबचं तोंड यांच्यातल्या कोनावर ठरतं. तोंड मार्गाच्या मानाने उघडं राहिलं की बॉल उजवीकडे वळतो. बॉल क्लबच्या मधोमध न लागल्यानेही वळण येतं, म्हणून काहीही बदलायच्या आधी ड्रायव्हरच्या तोंडावर टाल्कम पावडर लावून बॉल कुठे लागतोय ते पाहा.

तोंड उघडं राहण्याचं पहिलं कारण ग्रिप. डाव्या हाताची किती बोटांची मुळं वरून दिसतात ते बघा. एकच दिसत असेल तर ग्रिप कमजोर आहे. दोन-अडीच दिसेपर्यंत हात उजवीकडे वळवा. पहिले दोन-तीन आठवडे अगदी परका वाटेल, तरी बदलू नका.

दुसरं कारण तुमचं क्रिकेट. सरळ बॅटने ड्राइव्ह मारताना डावा कोपर उंच ठेवायचा आणि बॅटचं तोंड शेवटपर्यंत गोलंदाजाकडे धरून ठेवायचं, हे तुमच्या अंगात वर्षानुवर्षं मुरलंय. क्रिकेटमध्ये ते बरोबर आहे. गोल्फमध्ये हाच उंच कोपर स्लाइस देतो, कारण बॉल लागून गेल्यावर डावा कोपर खाली दुमडला पाहिजे आणि दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत वळले पाहिजेत. नऊ-ते-तीन स्विंग करून ‘तीन’वर थांबा आणि बघा. क्लबचं टोक आकाशाकडे असेल तर ठीक. क्लबचं तोंडच आकाशाकडे असेल, तर तुम्ही अजून ऑफ ड्राइव्ह मारताय.

मार्गासाठी पुठ्ठ्याचा रिकामा खोका घ्या. बॉलच्या पलीकडच्या बाजूला, तुमच्यापासून दूर, तीन-चार बोटं अंतर सोडून आणि जरासा मागे ठेवा. बाहेरून कापत आलात तर खोका उडेल. दगड किंवा लाकूड कधीही ठेवू नका, मनगट दुखावतं. आणि क्रमासाठी पावलाचं ड्रिल करा. दोन्ही पाय जोडून उभे राहा, क्लब मागे जात असतानाच डावा पाय उचलून लक्ष्याकडे टाका आणि मग मारा. क्लब अजून वर जातोय आणि पाय आधीच पुढे निघालाय, हा जो क्षणभराचा ताण कमरेत जाणवतो, तीच गोफण. सुरुवातीला बॉल न ठेवता वीस वेळा करा, तोल जाईल, जाऊ दे.

सरावाची जागाही महत्त्वाची आहे. रेंजवरच्या मॅटवर फॅट शॉट लपतो. क्लब मागे लागला तरी रबरावरून सरकून बॉलला भिडतो आणि आवाजही छान येतो. पिचचा सराव शक्यतो गवतावरच करा. मॅटशिवाय इलाज नसेल तर बॉलच्या एक वीत मागे टॉवेलची घडी ठेवा आणि ती न लागता मारा. एकाच लक्ष्यावर एकाच क्लबने पन्नास बॉल मारले की हात बसल्यासारखा वाटतो, पण मैदानावर तसा दुसरा बॉल कधी मिळतच नाही. म्हणून एखादं नवीन ड्रिल अंगवळणी पडलं की प्रत्येक बॉलला लक्ष्य बदला. तीस यार्ड, मग पंचावन्न, मग चाळीस. सराव वाईट झाल्यासारखा वाटेल, पण फेरीत तोच उपयोगी पडेल.

आणि मनात काय ठेवायचं? १९९९ साली, माणूस हालचाली कशा शिकतो याच्या अभ्यासक गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवख्या लोकांना पिच मारायला शिकवून एक अभ्यास केला होता. एका गटाला हातांच्या हालचालीवर लक्ष द्यायला सांगितलं, दुसऱ्याला क्लबच्या. क्लबकडे लक्ष देणारे शिकतानाही जास्त अचूक ठरले आणि नंतरच्या चाचणीतही. माझा अनुभव शंभर टक्के तसाच आहे. “डावं मनगट सरळ ठेव” म्हटलं की माणूस आखडतो. “क्लबने त्या रेघेच्या पुढचं गवत काप” म्हटलं की मनगट आपोआप जागेवर येतं. वरची सगळी ड्रिल्स म्हणूनच रेघ, बादली, टॉवेल, खोका अशा बाहेरच्या वस्तूंची आहेत.

कोच लावा, असंच मी सांगेन, आणि ते माझा धंदा आहे म्हणून नव्हे. व्हिडिओंतला सल्ला बहुधा चुकीचा नसतो, पण तो दुसऱ्या कुणाच्या दोषावरचा असतो. हुक मारणाऱ्यासाठीचं, म्हणजे ज्याचा बॉल डावीकडे वळतो त्याचं औषध स्लाइसवाल्याने घेतलं तर काय होणार? माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, त्यांना एका प्रशिक्षकाने पहिल्याच तासात ग्रिप, स्टान्स, बॅकस्विंग आणि डोक्याची जागा असं चारही एकदम बदलायला लावलं होतं. सहा महिने त्यांना बॉल नीट लागला नाही आणि ते गोल्फ सोडायच्या बेतात होते. मला त्याचं फार वाईट वाटलं. चांगला कोच आधी दहा-पंधरा बॉल गप्प राहून बघतो, पाठ, गुडघे, खांदा यांची विचारपूस करतो, तुमचा क्लब हातात घेऊन त्याची लांबी आणि ग्रिपची जाडी तपासतो आणि एका तासात एकच गोष्ट बदलतो. तुम्हाला कुणा मोठ्या खेळाडूसारखं दिसायला लावणाऱ्या कोचपासून दूर राहा. अमेरिकेचे व्यावसायिक गोल्फर जिम फ्युरिक यांचा स्विंग वर जाऊन वळसा घालून खाली येतो, पुस्तकात छापावा असा तो नाही, पण २०१६मध्ये त्याच स्विंगने ते पीजीए टूरवर एक फेरी अवघ्या ५८ फटक्यांत खेळले. बॉलपाशी क्लब बरोबर येतो की नाही, एवढंच बघायचं.

दोन-तीन आठवड्यांतून एक तास पुरे. मधल्या काळात मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग करा. कॅमेरा लक्ष्याच्या उलट बाजूला, हातांच्या उंचीवर आणि लक्ष्याच्या रेषेला समांतर ठेवा. तो तिरका ठेवलात तर क्लबचा मार्ग खोटा दिसतो आणि नसलेला दोष तुम्ही दुरुस्त करत बसता.

तुम्ही लिहिलं नाहीये, पण ४४ व्या वर्षी आणि दिवसभर खुर्चीतल्या नोकरीत कंबर आखडलेली असणारच. कंबर वळली नाही की खांदे एकटे वळतात, आणि मग मणक्याचा खालचा भाग तो भार घेतो. हौशी गोल्फरांत कंबरदुखी फार दिसते. मैदानावर जाण्याआधी दहा मिनिटं, क्लब खांद्यांवर आडवा धरून सावकाश वळणं आणि एका पायावर उभं राहून दुसरा पाय मांडीपासून आत-बाहेर फिरवणं, एवढं नेमाने करा. वळताना कळ येत असेल तर ड्रिल्स थांबवून आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

आठवड्याचा हिशेब असा ठेवा. तीन वेळा पाऊण-पाऊण तास, प्रत्येक वेळी साठच बॉल. पहिले तीन आठवडे साठही बॉल पिचचे. चौथ्यापासून तीस पिच, तीस नऊ-ते-तीन. सातव्या आठवड्यात ड्रायव्हर काढा, तोही पहिल्या दिवशी नऊ-ते-तीनच मारा, बॉल डाव्या टाचेसमोर टीवर, म्हणजे जमिनीत रोवलेल्या छोट्या खुंटीवर ठेवून. ड्रायव्हरला जमीन उकरायची नसते, क्लब किंचित वर येताना बॉल लागायला हवा, म्हणून पिचमधून तिथे फक्त क्रम न्यायचा, खाली मारायची सवय नाही. तोवर टीवरून ५ नंबरचं हायब्रिड वापरा.

६० अंशांची वेज आत्ता घेऊ नका. तिला पिचिंग वेजपेक्षा लांब स्विंग लागतो आणि खालचा बिंदू दोन बोटं चुकला तर ती जास्त कडक शिक्षा करते. तुमच्याकडे पिचिंग वेज ४५-४६ अंशांची आणि सँड वेज ५६ची असेल, तर मधे दहा अंशांची दरी आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर ५० किंवा ५२ची गॅप वेज घ्या. घड्याळाच्या तक्त्यात तीन अंतरं वाढतील, आणि तीस-साठ यार्डांच्या ज्या पट्ट्यात तुम्ही अडकताय तिथे ती दर फेरीत हातात येईल. घेताना दुकानात लोफ्टबरोबर बाऊन्सचा आकडाही विचारा.